वाचकांचे प्रश्न: तीन ते सहा वर्षांच्या मुलांची शारीरिक क्षमता कशी मोजायची?

लहान मुलांच्या मोजमापाबद्दल आलेल्या प्रश्नांचा धागा बहुतेक एकच असतो. हातात आलेला आकडा मुलाच्या ताकदीचा, की त्याला सूचना किती कळली याचा? दहा वर्षांच्या मुलाला ‘जितकी लांब जमेल तितकी उडी मार’ म्हटलं की पुरतं. चार वर्षांच्या मुलाला ‘जितकी जमेल तितकी’ म्हणजे काय, हेच आधी शिकवावं लागतं. खालची सगळी उत्तरं तिथूनच सुरू होतात.

प्रश्न: आमच्या बालवाडीत 24 मुलं आहेत, वयं साडेतीन ते साडेपाच. दोन शिक्षिका, एक मोकळं मैदान, फारसं साहित्य नाही. काय मोजावं आणि कोणत्या क्रमाने?

पाच गोष्टी मोजा: उंची-वजन, पायांची ताकद, तोल, चपळाई आणि दमसास. पकड मोजायचं उपकरण मिळालं तर हातांची ताकदही घ्या. ही निवड आमच्या मनची नाही. स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठातल्या संशोधकांनी या वयाच्या मुलांवरच्या उपलब्ध चाचण्या चाळून 2015 साली ‘प्रीफिट’ नावाचा संच सुचवला, त्यात जवळपास हेच आहे. लवचीकपणाची चाचणी, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकणं, त्यांनी संचात घेतली नाही. तुम्हीही वगळलीत तरी बिघडत नाही.

साहित्य थोडंच लागतं. पाच मीटरची न ताणली जाणारी मोजपट्टी, चिकटपट्टी, खडू, दोन स्टॉपवॉच, आठ शंकू आणि प्रत्येक मुलाच्या छातीवर ठळक आकडा. आकडा क्षुल्लक वाटेल, पण सहा मुलं एकदम धावत असताना नोंद करणाऱ्याला नाव आठवायला वेळ नसतो.

एका दिवसात सगळं उरकू नका, तीन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी काहीच मोजायचं नाही. प्रत्येक चाचणी खेळ म्हणून करून दाखवायची आणि मुलांकडून दोन-तीनदा करून घ्यायची. हा दिवस वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि नंतर आकडे जुळत नाहीत त्याचं कारण बहुधा इथेच असतं. दुसऱ्या दिवशी उंची-वजन, पकड, तोल, उडी. तिसऱ्या दिवशी आधी चपळाईची धाव, मग भरपूर विश्रांती देऊन दमसास. दमसासाची चाचणी कायम शेवटी. दमलेलं मूल त्यानंतर कशातच जीव ओतत नाही.

चपळाईसाठी दहा मीटर अंतरावर दोन रेषा आखा. दोन्ही रेषांवर एकेक मोठं माणूस हात पुढे करून उभं राहील. मुलाने धावत जाऊन एकीच्या हातावर टाळी द्यायची, वळून दुसरीच्या हातावर, असं चार वेळा, एकूण चाळीस मीटर. ‘रेषेला पाय लाव आणि वळ’ ही सूचना तीन वर्षांचं मूल पाळत नाही. ते रेषेच्या दोन पावलं आधीच वळतं किंवा पुढेच निघून जातं. टाळी मात्र ते विसरत नाही. शेवटच्या टप्प्यात टाळी देणारीने रेषेमागे दोन पावलं सरकावं, नाहीतर रेषा यायच्या आतच मूल वेग कमी करतं. रेषांपलीकडे दोन्हीकडे तीन मीटर मोकळी जागा हवी आणि समोर भिंत नको, कारण या वयात पाय धावायला शिकलेले असतात, थांबायला पुरते नाही. दोन प्रयत्न द्या, कमी वेळ लागला तो लिहा. वेळ साधारण 15 ते 22 सेकंदांच्या मध्ये येते. सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत लिहिणं पुरे. हाताने चालवलेल्या घड्याळाला शंभराव्या भागाची अचूकता नसते.

आणखी एक. वय ‘चार वर्षं’ असं लिहू नका, जन्मतारखेवरून महिन्यांत काढा. 48 महिन्यांचं आणि 59 महिन्यांचं मूल दोघंही कागदावर ‘चार वर्षांचे’ असतात, पण मोठ्याने धाकट्याच्या आयुष्याच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाइतका काळ जास्त काढलेला असतो. एवढी एक दुरुस्ती केली तरी ‘मागे पडलेली’ बरीच मुलं मागे नाहीत हे दिसतं.

प्रश्न: उभ्या जागेवरून लांब उडी मारताना काही मुलं एक पाय पुढे टाकून ढांग मारतात. नोंद काय करावी?

शून्य लिहू नका आणि ढांगेचं अंतरही लिहू नका. ‘दोन पायांनी उडी जमली नाही’ असं शब्दांत लिहा. तीन ते साडेतीनच्या मुलांत हे अगदी सामान्य आहे, आणि ती माहितीही उपयोगाची आहे.

दोन्ही पाय एकदम उचलणं शिकवायचं तर आधी जागच्या जागी उड्या मारायला लावा. मग रेषेच्या पुढे पावलांचे दोन ठसे खडूने काढा आणि ‘दोन्ही पाय एकाच वेळी या घरांत’ असं सांगा. गुडघे वाकवून हात मागे नेणं आणि झटक्यात पुढे आणणं तुम्ही स्वतः बाजूने उभं राहून दाखवा. समोरून दाखवलं तर गुडघ्यांचा वाक मुलाला दिसतच नाही.

अंतर मोजायचं ते रेषेच्या पुढच्या कडेपासून, रेषेच्या सर्वांत जवळ टेकलेल्या टाचेच्या मागच्या कडेपर्यंत. चवड्यापर्यंत मोजलं की पावलाची लांबी फुकट वाढते. पडताना मागे हात टेकला तर ती उडी बाद धरून पुन्हा संधी द्या. तीन उड्यांतली सर्वांत लांब लिहा. सगळी अनवाणी किंवा सगळी बुटात, पण मिसळ नको. चटईवर मारायला लावत असाल तर चटई जमिनीला चिकटवा. सुटी चटई उडी घेताना मागे सरकते, आणि दर उडीला वेगळी सरकते.

अंदाज म्हणून सांगायचं तर तिसऱ्या वर्षी उडी अर्ध्या मीटरच्या आसपास आणि पाचव्या वर्षी एक मीटरच्या जवळ जाते. मुलामुलांत फरक मोठा असतो, म्हणून हा आकडा उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची रेषा म्हणून वापरू नका.

प्रश्न: 20 मीटर येरझाऱ्यांची चाचणी घेतली. शिटी वाजताच सगळी सुसाट पळाली, दुसऱ्या फेरीला अर्धी थांबली, दोघं रडली. चुकलं कुठे?

दोन ठिकाणी. वेग मोठ्या मुलांचा ठेवलात आणि वेग राखायचं काम मुलांवर सोपवलंत.

20 मीटर अंतरावरच्या दोन रेषांमध्ये, घंटेच्या तालावर, वेग वाढवत येरझाऱ्या घालायची ही चाचणी मुळात कॅनडातले संशोधक ल्यूक लेजे यांनी 1980 च्या दशकात मोठ्यांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी बसवली. प्रचलित रूपात ती ताशी 8.5 किलोमीटरने सुरू होते, म्हणजे 20 मीटरला साडेआठ सेकंद. चार वर्षांच्या मुलाच्या आखूड पायांना हा आरंभीचा वेग नसून जवळजवळ शेवटचा वेग असतो. प्रीफिटमध्ये म्हणूनच सुरुवात ताशी 6.5 किलोमीटरने होते आणि दर मिनिटाला अर्धा किलोमीटर वेग वाढतो. तयार ध्वनिफीत नसेल तर घंटेच्या वेळा स्वतः काढता येतात. 20 मीटरसाठी पहिल्या मिनिटात 11.1 सेकंद, दुसऱ्यात 10.3, तिसऱ्यात 9.6, चौथ्यात 9.0 आणि पाचव्यात 8.5. या वेळांप्रमाणे घंटा वाजवून फोनवर एकदाच ध्वनिमुद्रण करा आणि दरवेळी तेच वापरा. हाताने वाजवलेली घंटा मुलं दमली की आपसूक लांबते, वाजवणाऱ्याला दया येते म्हणून.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. वेग सांभाळणं हे वेळेचं भान आहे, आणि ते या वयात नसतं. म्हणून मोठं माणूस बरोबर धावलंच पाहिजे. चार ते आठ मुलांचा गट घ्या. एक शिक्षिका पुढे, घंटेच्या तालात. मुलांना नियम एकच: ताईच्या पुढे जायचं नाही. दुसरी मागे, रेंगाळणाऱ्यांना शब्दाने सोबत करत. पुढच्या शिक्षिकेला स्वतःचा वेग कळायला हवा, म्हणून दहा मीटरवर शंकू ठेवा. पहिल्या मिनिटात तिथे ती साडेपाच सेकंदांनी पोचली पाहिजे. नोंदीला तिसरं माणूस लागतं. दोघीच असाल तर त्या दिवसापुरती एका पालकाची मदत घ्या, कारण धावता धावता फेऱ्या मोजायला गेलं की एक-दोन हमखास चुकतात.

मूल सलग दोन वेळा घंटेआधी रेषेवर पोचलं नाही किंवा दमून थांबलं की त्याची चाचणी संपली. पूर्ण झालेल्या फेऱ्या लिहा. बूट निघाला, मैत्रीण थांबली म्हणून हाही थांबला, फुलपाखरू दिसलं, अशी थांबण्याची कारणं रकान्यात वेगळी लिहा. तो आकडा दमसासाचा नाही. लालबुंद चेहरा, घाम, बोलताना तुटणारं वाक्य दिसलं तर मूल खरंच दमलंय. हसत हसत, एका दमात ‘मी नाही पळणार’ म्हणालं तर कंटाळलंय. अशाला दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गटात पुन्हा संधी द्यावी.

चाचणीआधी पालकांकडून लेखी विचारून घ्या: हृदयाचा आजार, दमा, धावताना कधी शुद्ध हरपली आहे का, गेल्या दोन आठवड्यांत ताप. यातलं काही असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय ही धाव नको. जेवल्यावर लगेच नको, उन्हातही नको.

प्रश्न: पकड मोजायच्या डायनॅमोमीटरवर तीच मुलगी एकदा 3 किलो दाखवते, दोन मिनिटांनी 6. उपकरण बिघडलंय का?

बहुधा नाही. आधी मुठीचं अंतर, म्हणजे दाबायच्या दोन दांड्यांमधली जागा, पाहा. प्रौढांसाठी लावलेली मूठ लहान बोटांना पुरत नाही, फक्त टोकं अडकतात. या वयाला 4 सेंटिमीटर अंतर योग्य ठरलं आहे. उपकरणावरच्या खुणेवर विसंबू नका, पट्टी लावून मोजून घ्या आणि सगळ्या मुलांना तेच ठेवा. मग काट्याचे टप्पे पाहा. काही उपकरणांवर दोन-दोन किलोंच्या रेघा असतात. चार-सहा किलोंच्या पकडीला त्या निरुपयोगी.

उरलेला घोळ धरण्याचा असतो. उपकरण जड, मुलीची निम्मी शक्ती ते पेलण्यात जाते. तुम्ही खालून तळहाताचा आधार द्या, पण मुठीला स्पर्श नको. हात कोपरात सरळ, अंगापासून जरा दूर, मांडीला टेकलेला नाही. ‘दाब’ म्हणण्यापेक्षा ‘ओला स्पंज पिळ, सगळं पाणी काढ’ म्हणा, आणि दोन-तीन सेकंद ‘पिळ, पिळ, पिळ’ म्हणत राहा. नाहीतर ती एक झटका देऊन सोडते, आणि तुमचे 3 किलो बहुधा तिथलेच. दोन्ही हातांना आलटून पालटून दोन-दोन संधी, मध्ये अर्धा मिनिट, आणि दर वेळी काटा शून्यावर. दोन्ही हातांच्या चांगल्या आकड्यांची सरासरी लिहा.

प्रश्न: मुलाचा बीएमआय (किलोंतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) तिसऱ्या वर्षी 16.0 होता, आता पाचव्या वर्षी 15.3. खालावला म्हणून काळजी करावी का?

नुसत्या या उताराची नाही. दुसऱ्या वर्षापासून साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत बीएमआय नैसर्गिकरीत्या उतरतो आणि मग चढू लागतो. प्रौढांचे 18.5 आणि 25 हे आकडे इथे लावायचेच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे वाढीचे आलेख पाच वर्षांपर्यंत, त्यापुढे 2007 चे. पाचव्या वाढदिवसाला निकषही बदलतो, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटतं. पाचच्या आत मध्यापासून दोन प्रमाण विचलनांच्या (आकडे मध्याभोवती किती पसरतात, त्याचं माप) वर गेलं तर वजन जास्त मानतात, पाचनंतर एकाच विचलनाच्या वर. मुलात काहीही न बदलता कागदावर शेरा बदलू शकतो.

आणि उंची नीट घ्या. 15.5 किलोंच्या मुलाची उंची 100 ऐवजी 99 सेंटिमीटर लिहिली गेली तर बीएमआय 15.5 चा 15.8 होतो. टाचा, कुल्हे आणि पाठ भिंतीला, नजर सरळ, केसांतले क्लिप काढलेले, आणि दरवेळी दिवसाच्या त्याच वेळी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उंची थोडी उतरते.

प्रश्न: मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजली तर क्षमता कळेल का?

नाही. ते हालचाल मोजतं. मूल दिवसभर खूप हिंडतं म्हणजे त्याचा दमसास चांगला असेलच, असं नाही. हालचालीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2019 ची शिफारस आहे: तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी किमान 180 मिनिटं हालचाल, त्यातली किमान 60 मिनिटं मध्यम ते जोमाची. हे ताडायला घड्याळ वापरायचं असेल तर एक लक्षात ठेवा. मुलांची धावपळ काही सेकंदांच्या झटक्यांत होते. मिनिटाची सरासरी काढणाऱ्या उपकरणात ते झटके विरघळून जातात. 15 सेकंद किंवा त्याहून लहान तुकड्यांत नोंद ठेवणारं हवं.

प्रश्न: तीन महिने रोज अर्धा तास खेळ घेतले. वर्गाची सरासरी उडी 68 वरून 77 सेंटिमीटर झाली. आमच्या खेळांचा परिणाम म्हणायचा ना?

खेळ चालूच ठेवा, त्यांना आकड्याचं प्रमाणपत्र लागत नाही. पण 9 सेंटिमीटरांतलं किती तुमचं, ते पाहू.

आधी मोजमापाचा हेलकावा काढा. त्याच मुलांची उडी एका आठवड्याच्या अंतराने दोनदा घ्या. समजा पाच मुलांच्या उड्या पहिल्या वेळी 62, 75, 58, 81, 70 आणि दुसऱ्या वेळी 66, 72, 65, 83, 69 आल्या. फरक +4, −3, +7, +2, −1. सरासरी +1.8. आठवड्यात पाय बळकट झाले नाहीत, उडी मारायची कशी हे कळलं, एवढंच. या फरकांचं प्रमाण विचलन सुमारे 4 येतं. त्याची साधारण दुप्पट, म्हणजे 8 सेंटिमीटर. एका मुलाची उडी याहून कमी बदलली असेल तर ‘सुधारला’ किंवा ‘घसरला’ यातलं काहीच ठामपणे म्हणता येत नाही. प्रत्यक्षात पाच नव्हे, निदान पंधरा-वीस मुलं घ्या.

आता वर्गाकडे. वर्गाची सरासरी एकट्या मुलापेक्षा स्थिर असते, त्यामुळे 9 ची वाढ खरी असण्याची शक्यता भक्कम आहे. पण या वयात उडी नुसत्या वाढीनेच वर्षाला वीसेक सेंटिमीटर वाढते, तीन महिन्यांत पाचेक. सरावाचे दोन धरले तर उरले दोन. ते खेळांचे की आणखी कशाचे, हे ठरवायला त्याच वयाचा, तोच सराव मिळालेला पण खेळ न घेतलेला दुसरा गट लागतो. तो नसेल तर अहवालात ‘वर्गाची उडी वाढली’ एवढंच लिहा. ‘खेळांमुळे’ हा शब्द तेवढा थांबवा.

प्रगतिपुस्तकात श्रेणी द्यावी का, असंही याच पत्रात विचारलं आहे. देऊ नये. मुलाचा मागचा आकडा आणि आजचा आकडा, तारीख आणि महिन्यांतलं वय, एवढं पालकांना दाखवा. नंबर लावलेली यादी वर्गात टांगू नका. शेवटचा नंबर आलेलं मूल पुढच्या वेळी जीव तोडून धावत नाही, आणि मग तुमचं मापही गेलं.

प्रश्न: माझी मुलगी सव्वाचार वर्षांची. एका पायावर तीनच सेकंद उभी राहिली, शेजारचा मुलगा बारा सेकंद. ती मागे आहे का?

एका मोजणीवरून तसं म्हणू नका. या संचातला सर्वांत लहरी आकडा तोलाचाच. त्याच मुलीचा सकाळी तीन आणि संध्याकाळी आठ येऊ शकतो. पुन्हा घ्या, अनवाणी, सपाट जमिनीवर. दोन मीटरवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला एखादं चित्र लावा आणि त्याच्याकडे पाहायला सांगा. तुमच्याकडे पाहत राहिली तर ती हसते आणि पाय टेकते. उचललेला पाय दुसऱ्या पायाला टेकवायचा नाही. तो जमिनीला लागला किंवा उभा पाय सरकला की घड्याळ बंद. दोन्ही पायांची वेळ वेगवेगळी लिहा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. सगळीकडे तीन-चार सेकंदच आले, पण ती धावते, जिना चढते, जमिनीवरून सहज उठते, तर खेळू द्या आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

बालरोगतज्ज्ञांकडे लवकर जायची कारणं वेगळी आहेत. आधी जमणारी गोष्ट आता न जमणं. एकाच बाजूचा हात किंवा पाय सतत कमी पडणं. सारखं चवड्यांवर चालणं. सपाट जागीही वारंवार पडणं. थोडं धावून ओठ निळसर होणं किंवा शुद्ध हरपणं. या शेवटच्या दोन्हींत एक दिवसही थांबू नका. आणि एक खूण नीट ओळखून ठेवा: जमिनीवरून उठताना मूल आधी ओणवं होतं, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उभं राहतं. त्यासोबत पोटऱ्या भरदार दिसत असतील, विशेषतः मुलग्यांत, तर तो स्नायूंचा आजार असू शकतो. क्रिएटिन कायनेज नावाची रक्ताची साधी तपासणी त्याची दिशा दाखवते.

दवाखान्यात मूल अनेकदा हलायलाच तयार नसतं. म्हणून घरीच फोनवर तीन छोटी चित्रणं करून न्या: जमिनीवर मांडी घालून बसलेलं मूल उठताना, जिना चढताना आणि दहा पावलं धावताना. उठतानाचं चित्रण बाजूने आणि पूर्ण अंग दिसेल असं घ्या. हात कुठे टेकतात, ते त्यातच दिसतं.